काळ्यापाण्याची काकू

आजीला सन सांगता यायचे नाहीत. तिची सालं निराळी होती. प्लेगाचं पहिलं साल, मानमोडीचं साल, कोयनेला दोनदा पूर आला ते साल. या रांगेत दोन सालं अशी होती, जी फक्त आमच्या घरात चालायची. एक ‘कागद आला ते साल’ आणि दुसरं ‘आलं नि गेलं ते साल’. लहानपणी कऱ्हाडजवळच्या आमच्या गावी सुट्टीत गेले, की रात्री अंथरुणावर पडल्यावर मी यातलं एखादं साल मागायची आणि आजी ते सांगायची. शेवट ठाऊक असलेली गोष्ट ऐकायलाही मुलांना कंटाळा येत नाही. या गोष्टीचा शेवट मात्र आजीनं मी मोठी होईपर्यंत सांगितला नाही.

सुरुवात प्लेगाच्या पहिल्या सालातली, म्हणजे 1897ची. आजीचे चुलतसासरे, माझ्या आजोबांचे काका, तेव्हा पंचविशीच्या आतले होते. भावबंदानं बांध कोरला म्हणून शब्दाला शब्द वाढला आणि हातातली कुऱ्हाड चालली. मेलेला माणूस त्यांच्या सख्ख्या चुलत्याचा मुलगा. आजीनं हे पन्नासदा सांगितलं असेल, पण त्यांची बाजू घेऊन एकदाही सांगितलं नाही. मेलेल्याची बायको आमच्यापासून तीन घरं सोडून राहायची, पदरात दोन लेकरं. मारणाऱ्याची बायको, म्हणजे आमची काकू, आमच्याच माजघरात. दोघींचा आड एकच. “बोलत न्हवत्या कदी,” आजी म्हणायची, “पर एकीची कळशी दुसरी डोईवर चढवून द्यायची. एकटीला उचलत न्हाई भरल्याली.”

साताऱ्याच्या कोर्टात शिक्षा झाली ती जन्मठेप, काळं पाणी. 1860च्या दंडविधानात फाशीच्या खालोखाल हीच शिक्षा होती. फाशीपेक्षाही लोक तिला जास्त भ्यायचे. फाशी झालेल्याचं निदान बारावं-तेरावं करता येतं. समुद्रापलीकडे गेलेल्याची जात गेली, पंगत गेली, मेला तरी कळायचं नाही आणि जिवंत असला तरी कळायचं नाही. सरकारला हे नेमकं ठाऊक होतं. आपल्या माणसांच्या मनातली समुद्राची भीती त्यांनी कायद्याला जुंपली होती. गावानं तर त्या दिवसापासून काकूचं नावच बदललं. ती झाली ‘काळ्यापाण्याची काकू’. नवऱ्याच्या शिक्षेचं नाव बायकोला लागलं आणि ती मरेपर्यंत ते तसंच राहिलं.

पुढचा प्रवास मला नानांकडून कळला. नाना म्हणजे आजोबांचे धाकटे चुलतभाऊ. त्यांना शाळेत घातलेलं, वाचायची गोडी, आणि मुख्य म्हणजे ते दहा वर्षांचे असताना त्यांनी त्या माणसाच्या तोंडूनच हे ऐकलेलं. साताऱ्याहून बेड्या घालून ठाण्याला नेलं, तिथे चालान भरेपर्यंत ठेवलं. एका खेपेला जाणाऱ्या कैद्यांच्या टोळीला चालान म्हणायचे. मग आगगाडीनं मद्रास आणि तिथून जहाज. जहाजात खाली, अंधारात, शेजाऱ्याच्या ओकारीत बसून दिवस काढायचे.

ठाण्याचा तुरुंग म्हणजे जुना किल्ला. पोर्तुगीजांनी बांधायला घेतला, वसईच्या मोहिमेच्या वेळी मराठ्यांनी जिंकला आणि इंग्रजांनी त्याचा तुरुंग केला. त्या भिंतींनी काय काय पाहिलं आहे! राघोजी भांगऱ्यांना 1848 साली इथेच फाशी दिली. वासुदेव बळवंत फडक्यांना इथूनच 1880मध्ये एडनला धाडलं. काळं पाणी म्हणजे अंदमानच असं नव्हे. फडके एडनच्या तुरुंगातून निसटले, पुन्हा पकडले गेले आणि 1883च्या फेब्रुवारीत तिथेच गेले. अंबाल्याच्या वहाबी खटल्यातले मौलवी जाफर थानेसरी पंजाबातून अंदमानला निघाले, तेही ठाण्यावरूनच. 1866च्या जानेवारीत ते बेटावर उतरले, तिथे संसार केला आणि 1883मध्ये बायकामुलांसह परतले. त्यांनी आपली हकीगत उर्दूत लिहून ठेवली. आमच्या घरातल्या माणसाला सही करता येत नव्हती. त्यांची हकीगत सोप्यावर दिव्याच्या उजेडात एका दहा वर्षांच्या मुलाच्या कानात राहिली.

पोर्ट ब्लेअरची कैद्यांची वसाहत त्यांच्या चाळीस वर्षं आधीची. 1857चा उठाव मोडला आणि इतके लोक ठेवायचे कुठे हा सरकारपुढे प्रश्न पडला. 10 मार्च 1858 रोजी डॉ. जेम्स पॅटिसन वॉकर 200 कैदी घेऊन तिथे उतरला. वॉकर आधी आग्र्याच्या तुरुंगाचा अधीक्षक होता. चॅथम बेटावर पाणी पुरेना म्हणून ठाणं रॉस बेटावर हललं. जंगल तोडायचं, दलदल भरायची, पायात बेड्या, वर पाऊस, अंगाला जळवा. पलीकडे ब्रह्मदेश आहे, चालत गाठता येईल, अशी समजूत कैद्यांत पसरली आणि टोळ्याच्या टोळ्या रानात पळाल्या. पहिल्या तीन महिन्यांचा सरकारी हिशेब असा आहे: आले 773. दवाखान्यात मेले 64. पळाले आणि सापडले नाहीत 140. एकाचा गळफास. पळून परत पकडले म्हणून फाशी दिलेले 87. उरले 481.

हे आकडे मी पहिल्यांदा वाचले तेव्हा मनात पुन्हा बेरीज करून पाहिली. बेरीज बरोबर आहे. 773 माणसांचा हिशेब एका ओळीत चोख बसवणाऱ्या त्या कारकुनाचा मला अजूनही राग येतो.

पळालेल्यांतला एकच माणूस गोष्टीत उरला, दूधनाथ तिवारी. बाणांनी घायाळ झालेल्या त्याला अंदमानी लोकांनी जिवंत ठेवलं, आपल्यात घेतलं, लग्नं लावून दिली. वर्षभरानं त्यांनी वसाहतीवर चालून जायचं ठरवलं, तेव्हा हा पुढे पळत आला आणि साहेबाला खबर देऊन मोकळा झाला. अ‍ॅबरडीनच्या त्या चकमकीत बंदुकांपुढे बाण हरले. तिवारीला माफी मिळाली. त्याच्या पोटुशी बायकोचं पुढे काय झालं, असं नानांनी विचारलेलं मला आठवतं; जणू मला माहीत असायला हवं होतं.

आमचे आजोबा-काका पहिलं साल वायपर बेटावर होते. साखळीच्या टोळीचं बेट ते. 1872च्या फेब्रुवारीत व्हाइसरॉय लॉर्ड मेयोला होपटाऊनच्या धक्क्यावर भोसकणारा शेर अली आफ्रिदी तिथेच फासावर चढला. चांगल्या वागणुकीचा, सुटा फिरणारा न्हावी होता तो. त्यानंतर कैद्यांना मोकळीक देण्याची सरकारला कायमची धास्ती बसली. वायपरवरून आजोबा-काका वीटभट्टीवर आले. गळ्यात लाकडी बिल्ला. त्यावर नंबर, कलम, शिक्षेची तारीख. नाव नाही. “नाव इसरायला पाच सालं लागली,” ते म्हणाले होते, “मंग कुणी नावानं हाक मारली तरी मागं बगत न्हवतो.”

त्या विटा कशाच्या होत्या, हे नानांनी मोठेपणी वाचून जुळवलं. सेल्युलर जेलचं काम 1896ला सुरू झालं आणि 1906ला पुरं झालं. 1898ला बेटावर पोचलेल्या धडधाकट माणसाला दुसरं काम कुठलं मिळणार? सात लांब हात, तीन मजले, मध्ये मनोरा, 698 कोठड्या. साडेतेरा फूट लांब, सात फूट रुंद, झरोका माणसाच्या हाताला न लागेल इतका उंच. एका ओळीचं तोंड दुसरीच्या पाठीकडे, म्हणजे समोरचा कैदीही दिसायला नको. डंडास पॉइंटच्या भट्ट्यांतली वीट कैद्यांनीच भाजली, कैद्यांनीच वाहिली, कैद्यांनीच रचली. नंतर तिथे बाबाराव सावरकर गेले, 1911च्या जुलैत विनायकराव गेले, नाशिकच्याच खटल्यातले वामनराव जोशी गेले. कोलूला जुंपून दिवसाला तीस पौंड खोबरेल काढायला लावायचं, कमी भरलं तर उभी हातकडी, आडवी बेडी, गोणपाटाचे कपडे, निव्वळ पेज. त्याहून पुढे गेलं तर टिकटीला बांधून फटके. बंगालचे इंदुभूषण रॉय हे सोसवेना म्हणून 1912 साली कोठडीत गळफास लावून गेले.

त्या राजबंद्यांपुढे मी मनापासून नतमस्तक आहे. पण संगमरवरावर कोरलेल्या त्यांच्या नावांपुढे उभं राहताना मला दुसरी गर्दी दिसते. 1858पासून वसाहत मोडेपर्यंत सुमारे 80 हजार माणसं त्या बेटांवर नेली गेली. राजबंदी त्यांत काही शेकडे. बाकीचे आमच्यासारख्यांच्या घरातले. बांधावरून, बाईवरून, दरोड्यावरून, उपाशी पोटी, रागाच्या भरात गुन्हा केलेले. त्यांनी केलं ते वाईटच होतं. पण रस्ते, धक्के, शेतं आणि खुद्द तो तुरुंग त्यांच्या पाठीवर उभा राहिला, आणि मराठीत आपण ‘अंदमान’ म्हणतो तेव्हा ते कुणाच्याच डोळ्यांपुढे येत नाहीत.

आता कागदाचं साल.

शतकाच्या सुरुवातीला अंदमानचा नेम असा होता: पहिले सहा महिने एकांत, मग दीड वर्ष तुरुंगात सगळ्यांबरोबर कष्ट, मग बराकीत राहून तीन वर्षं मजुरी, पुढची पाच वर्षं काहीशी सैल, थोडी हातखर्ची. दहा वर्षं नीट निभावली की ‘टिकट’. टिकटवाला आपली जमीन कसायचा, गुरं राखायचा, घर बांधायचा आणि लग्नही करू शकायचा. वीस-पंचवीस वर्षांनी सुटका. सरकारला बेटावर गावं वसवायची होती. देशातून बायका बोलावून घेण्याची सोयही करून ठेवली होती, पण फारच थोड्या गेल्या.

आजी नुकतीच लग्न होऊन आलेली, नऊ-दहा वर्षांची. चावडीवरून बोलावणं आलं. काळ्या पाण्याचा कागद आलाय, बायको तिकडे जायला राजी आहे का ते कळवा. चावडीवर घरचे पुरुष गेले. काकूही गेली, पण ती बाहेर, पायरीखाली उभी. आजी तिचं बोट धरून. आत बोलणं झालं. पाटलानं विचारलं, आजीच्या सासऱ्यांनी उत्तर दिलं, कुलकर्ण्यानं लिहिलं. मग शाईची डबी बाहेर आली आणि काकूच्या अंगठ्याला शाई लागली. परत येताना काकूनं आजीला विचारलं, “काय लिवलं गं त्यात?” आजी मला सांगताना इथे दर वेळी थांबायची. “म्या न्हानी प्वार. मला तरी काय कळतंय? आन तिला वाटलं, मी आत डोकावून आलीया.”

‘जायला राजी नाही’ असं लिहिलं होतं. काकूला ते चार महिन्यांनी कळलं.

आजीच्या सासऱ्यांना मी दोष देऊ शकते आणि देतेही. त्यांची भीतीही मला समजते. गेलेली बाई परत आली तर तिला घरात कसं घ्यायचं? आणि काकूच्या वाट्याची जमीन? हे दोन्ही प्रश्न त्या चावडीत होते. तिसरा, तिला काय हवंय हा, तेवढा नव्हता.

इकडून ‘नाही’ गेलं आणि तिकडे त्यांनी लग्न केलं. बेटावर बायका थोड्या होत्या. साऊथ पॉइंटला त्यांचा वेगळा तुरुंग. नवऱ्याच्या खुनासाठी, नाहीतर पोटच्या पोराला मारलं म्हणून आलेल्या बऱ्याच जणी. त्या दुसऱ्या गुन्ह्याच्या मागे कोण असायचं, हे आपल्याकडे एका बाईनं फार लवकर ओळखलं होतं. 1881मध्ये सुरतेकडच्या विजयालक्ष्मी नावाच्या ब्राह्मण विधवेला आपलं मूल मारल्याबद्दल फाशी सुनावली गेली, मग ती शिक्षा काळ्या पाण्यावर आली आणि पुढे पाच वर्षांच्या कैदेवर. त्या वेळी वर्तमानपत्रांतून सगळ्या बायकांवर जी चिखलफेक झाली, तिला उत्तर म्हणून ताराबाई शिंद्यांनी ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिली. विजयालक्ष्मीची शिक्षा कमी झाली. ज्यांची झाली नाही, त्या साऊथ पॉइंटला पोचल्या. पाच वर्षं झाली, की त्यांना लग्नाची मुभा. टिकटवाले पुरुष यायचे, बायका ओळीनं उभ्या राहायच्या, दोघांनी एकमेकांना ‘हो’ म्हटलं की साहेबाच्या दफ्तरात नोंद. जात कुठली, मुलूख कुठला, भाषा कुठली, हे विचारण्यात अर्थ उरलेला नसायचा. आमच्या आजोबा-काकांची तिकडची बायको बिहारकडची होती, एवढंच नानांना माहीत. तिचा गुन्हा त्यांनी विचारला नाही आणि यांचा तिनं.

‘आलं नि गेलं ते साल’ म्हणजे 1922. काळं पाणी बंद करावं असं तुरुंग समितीनं सुचवलेलं, सरकारनंही तसं जाहीर केलेलं, आणि यांची तर पंचवीस वर्षं भरलेली. शिमग्याच्या सुमाराला एक म्हातारा दारात उभा राहिला. पन्नाशीचाही नव्हता तो, पण आजी त्याला म्हाताराच म्हणायची. अंगण ओलांडायच्या आधी त्यानं पाय धुवायला पाणी मागितलं. पाणी आजीनंच ओतलं. घोट्यांभोवती कातडी काळी, गुळगुळीत, एक केस नाही, बेडीचा घट्टा. बोलणं हिंदीच. मराठी शब्द शोधून आणायचे, आणि शोधताना थांबायचे.

जेवायला वेगळं पान. सोप्याच्या कडेला, पंगतीपासून हात-दोन हात लांब. भावकीनं प्रायश्चित्त सांगितलं, गावजेवण सांगितलं, पैसा कुणाकडे नव्हता. त्यांच्या वाट्याचं रान कधीच इतरांच्या नांगराखाली गेलेलं. आणि तीन घरं पलीकडे ती बाई, मेलेल्याची विधवा, तिची मुलं आता जाणती. त्यांनी काही केलं नाही. ते फक्त आपल्या दारात येऊन बसायचे आणि आमच्या दाराकडे बघत राहायचे.

मृगाच्या आधी ते निघाले. आदल्या रात्री आजी चुलीपाशी निखारे झाकत होती आणि मागच्या दारी दोघं बोलत होती. ते म्हणाले, “चल तिकडं. थोरली म्हून ऱ्हाशील. कोन नाव ठिवनार न्हाई.” बराच वेळ काकू गप्प. मग म्हणाली, “कागद आला तवा इचारायचं व्हतं. आता इचारून काय?” सकाळी तिनं भाकरी बांधून दिली. ते गेल्यावर कपाळाला कुंकू लावून ती रानात भांगलायला गेली.

पाच-सहा वर्षांनी नाना शाळेतून विनायकराव सावरकरांचं ‘माझी जन्मठेप’ घेऊन आले. रात्री सोप्यावर मोठ्यानं वाचायचे, गल्लीतले लोक जमायचे. काकू माजघराच्या उंबऱ्याआड. कोलू, छिलका, पेटी अफसर, हे शब्द तिनं एका माणसाच्या तोंडून ऐकलेले होते. आता ते पुस्तकात छापून आले होते. पुस्तक संपलं त्या रात्री सगळे उठल्यावर ती नानांपाशी आली. “ह्यात त्यांचं नाव हाय का रं?” नवऱ्याचं नाव तिनं घेतलं नाही. नाना म्हणाले, नाही. “इटा तर त्यांनीच वाहिल्या,” ती म्हणाली आणि आत गेली.

काही वर्षांपूर्वी मी पोर्ट ब्लेअरला गेले. सात हातांपैकी तीन उरलेत, बाकीच्या जागी इस्पितळ आहे. शादीपूर नावाची वस्ती आहे. कैद्यांच्या लग्नांवरून नाव पडलं, असं लोक सांगतात. तिथे कैद्यांच्या वंशजांतली एक आजीबाई भेटल्या. त्या आपल्याला ‘लोकल बॉर्न’ म्हणवतात, घरात हिंदी, जात विचारलेली त्यांना आवडत नाही. त्यांचे आजोबा ‘बंबई तरफ के’, आजी लखनौकडची. गाव कुठलं, माहीत नाही. गुन्हा कोणता, विचारायची रीत नाही. तुमचे आजोबा तिकडचं काही बोलायचे का, असं मी विचारलं. त्यांनी बराच विचार केला. मग दोन्ही तळहात एकमेकांवर आणून हवेतच भाकरी थापून दाखवली. म्हणाल्या, रोटी लाटायचे नाहीत, अशी करायचे. माझे डोळे भरून आले. त्या आमच्या कुणी नव्हत्या.

त्या वेळी आजी जाऊन खूप वर्षं झाली होती. शेवट तिनं मला माझ्या लग्नाच्या आदल्या वर्षी सांगितला होता.

1937मध्ये अंदमानात राजबंद्यांनी मोठं उपोषण केलं आणि 1938च्या सुरुवातीपर्यंत त्यांना परत देशात आणलं गेलं. ‘अंदमानचे कैदी सुटले’ असं कुणीतरी आडावर म्हणालं. काकू घागर तशीच ठेवून घरी आली आणि नानांना पेपर वाचायला लावला. नानांनी वाचून दाखवलं, की हे राजबंदी आहेत, आपले नव्हेत. ती “बरं” म्हणाली. त्याच वर्षी आषाढात ती गेली.

तिला न्हाऊ घालायची वेळ झाली तेव्हा बायका अडल्या. हिरवा चुडा भरायचा का? मळवट भरायचा का? सोळा वर्षं खबर नाही. “धनी हाय का न्हाई कुनाला ठावं?” भावकीतली एक म्हातारी म्हणाली. सवाष्ण म्हणून पाठवली आणि तो आधीच मेलेला असला, तर पाप. रांड म्हणून पाठवली आणि तो जिवंत असला, तर त्याहून मोठं पाप.

आजी तेव्हा घरातली कर्ती बाई होती. ती म्हणाली, “सरकारचा कागद आलाय का, त्यो मेला म्हून? न्हाई आला. तवर ही सवाशीण.” आणि तिनं कुंकवाचा करंडा उघडला.

पाणी कमी पडलं होतं. कुणाला तरी आडावर जायला सांगायचं म्हणून आजी बाहेर आली. तीन घरं पलीकडची ती विधवा, आता पाठीत वाकलेली, भरलेली कळशी घेऊन अंगणात उभी होती. एकटीनंच उचलून आणली होती. तिनं ती उंबऱ्याशी ठेवली आणि आत न येता परत गेली.